गुडघ्याबाहेरची चार बोटं जागा

या पुस्तकाचा विषय शरीरावरच्या चार बोटं जागेत मावतो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, सांध्याच्या थोडं खाली आणि किंचित मागे, हाताला एक टणक उंचवटा लागतो. ते फिब्युला या हाडाचं डोकं. त्याच्या खाली हाड बारीक होतं, ती त्याची मान. एवढ्याशा भागावर अख्खं पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की इथे दुर्लक्ष झालं तर माणसाचं पाऊल लुळं पडतं, गुडघा कायमचा डळमळीत होतो किंवा घोटा अकाली झिजतो. यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं. टाळण्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ही जागा ठाऊक असावी लागते आणि तिथे बोट ठेवून बघण्याची सवय असावी लागते.

म्हणून आधी ती जागा शोधू. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात वाकवा, पाऊल जमिनीवर सपाट ठेवा. गुडघ्यामागच्या लवणीच्या बाहेरच्या काठाने एक जाड कंडरा खाली उतरताना लागेल. टाच मागे ओढायचा प्रयत्न केला की तो आणखी ताठतो. तो बायसेप्स फिमोरिस या मांडीमागच्या स्नायूचा. त्याच्यावरून बोट खाली नेलं की ते थेट फिब्युलाच्या डोक्यावर पोचतं. आता त्या पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवा आणि गुडघा बाहेरच्या बाजूला पडू द्या. डोक्यापासून वर मांडीच्या हाडाकडे जाणारी एक गोल, ताणलेली पट्टी बोटाखाली येईल. ते गुडघ्याचं बाहेरचं लिगामेंट. पुन्हा पाऊल खाली ठेवा आणि डोक्याच्या खाली, मानेवर, बोटाचं टोक मागेपुढे फिरवा. बऱ्याच जणांना तिथे काहीतरी बोटाखालून निसटल्यासारखं वाटतं. जरा जोर दिला तर पावलाच्या वरच्या बाजूला झिणझिण्या जातात. ती कॉमन पेरोनिअल नर्व्ह. या पुस्तकातली निम्मी पानं तिच्यासाठी खर्ची पडली आहेत आणि त्याबद्दल मला खंत नाही.

गुडघ्याखाली पायात दोन हाडं असतात. नडगीचं जाड हाड म्हणजे टिबिया आणि त्याच्या बाहेरच्या बाजूने उभं असलेलं बारीक हाड म्हणजे फिब्युला. मराठी पाठ्यपुस्तकं त्यांना अंतर्जंघास्थी आणि बहिर्जंघास्थी म्हणतात. दवाखान्यात टिबिया-फिब्युलाच चालतं, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे. फिब्युला मांडीच्या हाडापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे माणसाच्या गुडघ्याच्या मुख्य सांध्यात त्याला जागा नाही. शरीराच्या भारातला त्याचा वाटाही थोडा. प्रयोगांनुसार पायावरून जाणाऱ्या भारापैकी साधारण 6 ते 17 टक्के त्याच्या वाट्याला येतात, बाकी सगळं टिबिया पेलतं. इतर प्राण्यांत तर हे हाड आणखी खुरटलेलं दिसतं. घोड्यात त्याचा वरचा तुकडाच काय तो उरला आहे, आणि कोंबडीच्या तंगडीत मोठ्या हाडाला चिकटलेली जी टोकदार काडी दाताखाली येते ती फिब्युलाच. या सगळ्यामुळे ‘असलं काय, नसलं काय’ अशी या हाडाची ख्याती झाली. अॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत ते हातात पडलं की विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो, कारण ते उजवं की डावं हे ठरवताना भलेभले अडखळतात. मग परीक्षक अस्थी पक्व होण्याच्या नियमाला असलेला अपवाद विचारतात. लांब हाडाच्या ज्या टोकाला अस्थिकेंद्र आधी दिसतं ते टोक शेवटी जुळतं, हा नियम. फिब्युलाच्या खालच्या टोकात केंद्र आधी, पहिल्याच वर्षी दिसतं आणि ते टोक जुळतंही आधी. वरच्या टोकाचं केंद्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी उगवतं आणि ते टोक विशीच्या उंबरठ्यावर जुळतं. विद्यार्थी हे पाठ करतात, गुण मिळवतात आणि पुढे रुग्णाच्या पायावर मात्र त्या वरच्या टोकाला हात लावायचा विसरतात. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते याचसाठी.

फिब्युलाचं डोकं टिबियाच्या बाहेरच्या कडेला खालून, मागच्या बाजूने टेकतं आणि तिथे एक छोटा सपाट सांधा तयार होतो. त्याची हालचाल इतकी कमी की असून नसल्यासारखी. पण घोटा वर-खाली होताना फिब्युला किंचित फिरतं, सरकतं, आणि तो पीळ वरच्या बाजूला हाच सांधा सोसतो. सुमारे दहा टक्के प्रौढांत या सांध्याची पोकळी गुडघ्याच्या पोकळीशी जोडलेली असते, त्यामुळे गुडघ्यातली सूज इथेही उतरू शकते. गुडघा वाकलेला असताना त्याच्यावर पीळ देऊन पडलं तर हा सांधा निखळतोही. बाहेरच्या बाजूचा उंचवटा अचानक मोठा दिसू लागतो आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही पायांची तुलना केल्याशिवाय ते पटकन लक्षात येत नाही.

डोक्याचं खरं मोल त्याला बांधलेल्या गोष्टींत आहे. तंबूच्या दोऱ्या खुंटीला बांधाव्यात तशा गुडघ्याच्या बाहेरच्या आणि मागच्या कोपऱ्यातल्या बऱ्याच पट्ट्या इथे येऊन बांधल्या गेल्या आहेत. बाहेरचं लिगामेंट, त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा बायसेप्सचा कंडरा, आणि पॉप्लिटिअस स्नायूपासून डोक्याच्या टोकाला येणारं लहानसं पण चिवट पॉप्लिटिओफिब्युलर लिगामेंट. ही मंडळी गुडघ्याला बाहेरच्या अंगाने फाकू देत नाहीत आणि नडगीला बाहेर गरकन फिरू देत नाहीत. मोटरसायकलच्या अपघातात किंवा मैदानावर गुडघ्याच्या आतल्या-पुढच्या बाजूने जोराचा फटका बसला की या पट्ट्या तुटतात. कधी तुटण्याऐवजी डोक्याच्या टोकाचा हाडाचा कपचा घेऊनच त्या उपटल्या जातात. क्ष-किरण चित्रात तो कपचा नखाएवढा दिसतो आणि बघणारा म्हणतो, ‘किरकोळ आहे, तीन आठवडे पट्टी बांधा.’ तो किरकोळ नसतो. त्याच्यासोबत गुडघ्यातली मधली क्रुशिएट लिगामेंट्सही बहुधा दुखावलेली असतात. त्यांपैकी पुढचं (एसीएल) किंवा मागचं (पीसीएल) नव्याने बसवलं आणि हा कोपरा तसाच सैल राहिला, तर नवं लिगामेंट ताण सोसत सोसत निकामी होतं. रुग्ण मात्र शस्त्रक्रिया फसली असं समजतो, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही.

दुखापतीच्या खोलीत या उंचवट्यावर बोट दाबून बघणं किती साधं आणि किती मोलाचं आहे, हे दोन गोष्टींवरून कळतं. गुडघ्याला मार लागलेल्या कोणाचा क्ष-किरण काढावा आणि कोणाचा नाही, यासाठी कॅनडातल्या ओटावामधून 1995 मध्ये जे निकष पुढे आले त्या पाचांपैकी एक आहे, फिब्युलाच्या डोक्यावर दाबल्यावर दुखणं. दुसरी गोष्ट जुनी आहे. पॅरिसचे शस्त्रवैद्य मेझोनव यांनी 1840 मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या पंचावन्न वर्षं आधी, एक विलक्षण दुखापत मांडली. पाऊल जमिनीत रोवलेलं राहतं आणि अंग गरकन फिरतं. तो पीळ घोट्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट किंवा हाड तोडतो, दोन हाडांमधल्या पडद्याला फाडत वर चढतो आणि गुडघ्याजवळ फिब्युला मोडून बाहेर पडतो. रुग्ण येतो तो घोटा धरून. सगळे घोट्याकडे बघतात, चित्रही घोट्याचंच काढलं जातं आणि त्यात कधी कधी जवळजवळ काहीच दिसत नाही. ‘मुरगळलाय’ म्हणून क्रेप बँडेज बांधून त्याला घरी पाठवतात. घोट्याची दोन हाडं मात्र एकमेकांपासून सुटलेली असतात, सांध्याची चौकट रुंदावलेली असते आणि काही वर्षांत तो घोटा झिजतो. घोटा मुरगळलेल्या प्रत्येक माणसाच्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दाबून बघा. दुखलं तर पूर्ण नडगीचं चित्र काढा. याला फार तर पाच सेकंद लागतात.

आता ती नस. कमरेतून निघालेली सायटिक नर्व्ह मांडीच्या मागून उतरते आणि गुडघ्याच्या वर तिचे दोन फाटे होतात. त्यातला बाहेरचा फाटा म्हणजे कॉमन पेरोनिअल. तो बायसेप्सच्या कंडऱ्याच्या आतल्या कडेने येतो, डोक्याच्या मागून खाली उतरतो आणि मानेला वळसा घालून पुढे जातो. हा वळसा डोक्याच्या टोकापासून सुमारे दोन सेंटीमीटर खाली असतो. तिथे नसेच्या वर फक्त त्वचा आणि थोडी चरबी, खाली थेट हाड. स्नायूंत शिरताना ती एका ताठ पट्टीखालून जाते, त्यामुळे ताण आला तरी तिला फारसं सरकता येत नाही. आत शिरल्यावर तिचे खोल आणि वरवरचा असे दोन फाटे होतात. खोल फाटा पाऊल आणि बोटं वर उचलतो. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचकीतली संवेदना त्याच्याकडे असते. वरवरचा फाटा पाऊल बाहेर वळवतो आणि पावलाच्या वरच्या बाजूची बरीचशी संवेदना सांभाळतो. मानेवर नस दाबली गेली की आधी बधिरपणा येतो, मग अंगठा वर उचलत नाही, मग पाऊलच लोंबतं. चालताना माणूस गुडघा उगाच उंच उचलतो आणि पाऊल फटकन आपटतो. पायातली चप्पल निसटते. घरच्यांच्या आधी लक्षात येते ती ही चप्पल.

दाब कशाने येतो याची यादी मोठी आहे आणि तिच्यातलं बरंच काही आपणच, उपचार करणाऱ्यांनी, घडवतो. गुडघ्याखालच्या प्लास्टरची वरची कड नेमकी मानेवर येते. ती डोक्याच्या दोन-तीन बोटं खाली संपली पाहिजे आणि पूर्ण पायाच्या प्लास्टरमध्ये तिथे कापसाचा जाड थर हवा. वजन लावून बेडवर ठेवलेला पाय बाहेर कलंडतो आणि स्प्लिंटची दांडी मानेला टेकते. प्रसूतीच्या किंवा लांबलेल्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाय आधाराच्या खांबांत अडकवले जातात तेव्हा बाहेरची बाजू धातूवर रेटली जाते. अतिदक्षता विभागात शुद्धीत नसलेल्या रुग्णाचा पाय तासन्‌तास बाहेर वळून पडलेला असतो आणि त्याला ते सांगता येत नाही. आजारपणाने किंवा कडक आहाराने झपाट्याने वजन उतरलं की तिथली थोडीशी चरबीही जाते. अशा वेळी पायावर पाय टाकून बसण्याची जुनी सवयसुद्धा पुरते. मधुमेहाने आधीच थकलेली नस लवकर हार मानते. शिवाय उकिडवं बसून केलेलं काम आहे. खुरपणी, कांदालावण, फरशी बसवणं ही कामं दिवसभर उकिडवं बसून होतात. त्या स्थितीत मांडीमागचा कंडरा, पोटरीचा स्नायू आणि हाड यांच्या मध्ये नस चेपत राहते. हंगामात पायात मुंग्या येतात असं सांगणाऱ्या शेतमजूर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या देऊन परत पाठवण्याआधी तिच्या दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगावं.

महाराष्ट्रात या नसेला आणखी एक जुना शत्रू आहे. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात आणि त्वचेलगतच्या नसा त्यांना सोयीच्या पडतात. कोपराजवळची अल्नर, घोट्यामागची टिबियल आणि फिब्युलाच्या मानेवरची पेरोनिअल या नसा ते आधी गाठतात. मानेवर बोट फिरवलं की जाड झालेली, दुखरी नस हाताला लागते आणि डोळ्यांना काही दिसण्याआधी निदानाची दिशा मिळते. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन इथे कित्येक दशकं जी माणसं आली त्यांतल्या अनेकांची पावलं अशीच लोंबत होती. 1980च्या दशकात बहुऔषधी उपचार आले, जंतू मारणं सोपं झालं आणि डिसेंबर 2005 पर्यंत देशपातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं. पण नवे रुग्ण आजही सापडतात आणि जंतू मेले तरी सुजलेली नस वाया जायची ती जातेच. ताजी इजा, म्हणजे सहा महिन्यांच्या आतली, प्रेडनिसोलोन वेळेवर सुरू केलं तर बरीच भरून येते. उशीर झाला तरी वाट बंद होत नाही. पाऊल आत वळवणारा टिबियालिस पोस्टिरिअर हा स्नायू दुसऱ्या नसेवर चालतो, म्हणून तो शाबूत असतो. त्याचा कंडरा पुढे आणून पावलाच्या वरच्या बाजूला बसवला की माणूस पुन्हा पाऊल उचलून चालू शकतो.

हाच स्नायू निदानातही कामी येतो आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. लोंबतं पाऊल घेऊन आलेल्या माणसाला आजकाल आधी कमरेच्या एमआरआयला पाठवतात. पन्नाशीनंतर कमरेच्या चित्रात काही ना काही सापडतंच. मणक्याची चकती थोडी सरकलेली दिसते, दोष तिच्यावर जातो आणि गुडघा कोणी बघतही नाही. रुग्णाला तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगा, मधे हाताने अडवा. तो जोर कमी असेल तर दोष कमरेतल्या पाचव्या मज्जामुळाकडे असण्याची शक्यता वाढते, कारण टिबियालिस पोस्टिरिअरलाही बळ तिथूनच मिळतं. तळवा पूर्ण जोराने आत वळत असेल आणि फक्त वर आणि बाहेर जात नसेल, तर गुडघ्याखाली बघा. कूस बदलून पाय बाजूला उचलायला सांगितलं तर नितंबाचा जोरही तीच गोष्ट सांगतो. मग नसेवर बोटाने टिचकी मारा. झिणझिण्या पावलात उतरल्या तर जागा सापडली. पुढे नर्व्ह कंडक्शनची तपासणी दाब नेमका कुठे आहे आणि किती खोल आहे ते सांगते. नुसता दाब असेल तर तो निघाल्यावर काही आठवड्यांत पाऊल परततं. तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे महिने लागतात. तेवढा काळ स्प्लिंट घालून घोटा आखडू न देणं हे फिजिओथेरपिस्टचं काम, आणि ते डॉक्टरच्या कामापेक्षा तसूभरही कमी नाही.

काहींच्या नसेत पाण्याची गाठ सापडते. ती काढली तरी परत यायची आणि कारण उमगत नव्हतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट स्पिनर यांनी 2003 च्या सुमारास दाखवलं की हे पाणी त्या छोट्या, दुर्लक्षित सांध्यातून येतं. सांध्याला जाणाऱ्या नसेच्या बारीक फांदीतून ते उलट वाहत मुख्य नसेत शिरतं. ती फांदी तोडली नाही तर गाठ पुन्हा भरते. सांधा लहान म्हणून त्याला मोजायचंच नाही, ही सवय किती महाग पडू शकते ते इथे दिसतं.

हाडाचा तुकडा काढून दुसरीकडे बसवण्याची कथाही या जागेपाशी येऊन थांबते. रक्तवाहिनीसकट फिब्युलाचा तुकडा काढून दुसऱ्या जागी जोडण्याचं तंत्र मेलबर्नच्या इयान टेलर यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलं आणि 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी त्यातून खालचा जबडा घडवून दाखवला. तंबाखू आणि गुटख्याने जबडे गमावलेल्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. मुंबईच्या टाटा मेमोरिअलसारख्या रुग्णालयांत पायाच्या या हाडातून त्यांचे जबडे उभे राहतात आणि माणसं पुन्हा भाकरी चावतात. मधला मोठा तुकडा निघून गेला तरी पाय चालतो, म्हणजे ‘असलं काय, नसलं काय’ हे मधल्या भागापुरतं बरंचसं खरं. पण शल्यविशारद वरचे सहा-एक सेंटीमीटर जागच्या जागी ठेवतात, कारण तिथे नस आणि गुडघ्याच्या पट्ट्या आहेत. खालचा भाग घोट्यासाठी राखतात. वरचं टोकही कधी मुद्दाम घेतलं जातं. मनगटातल्या रेडिअस हाडाचं टोक जायंट सेल ट्यूमरने खाल्लं असेल तर त्याच्या जागी फिब्युलाचं डोकं बसवतात, कारण दोघांचा आकार बराच जुळतो. खुद्द या डोक्यातही गाठी होतात, साध्या आणि कर्करोगाच्याही. ऑस्टिओसार्कोमासारख्या गाठीत कधी नसेचाही बळी द्यावा लागतो. म्हणून वाढत्या मुलाच्या गुडघ्याबाहेरची, रात्री दुखणारी सूज ‘खेळताना लागलं असेल’ म्हणून सोडू नये.

एका शस्त्रक्रियेबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. गुडघेदुखीवर फिब्युलाचा मानेखालचा दोन-एक सेंटीमीटरचा तुकडा काढायचा, मग आतल्या बाजूवरचा भार कमी होतो, असा विचार चीनमधल्या हपै प्रांतातल्या शल्यविशारदांनी मांडला. 2015 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले आणि आपल्याकडेही ही शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली. लहान चीर, कमी खर्च, दुसऱ्या दिवशी चालणं. सांधा बदलणं परवडत नाही अशा घरांना हे मोठं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण नीट तुलना केलेल्या, लांब पल्ल्याच्या अभ्यासांचा भक्कम आधार तिच्यामागे नाही आणि अंगठा उचलणाऱ्या नसेची फांदी कापाच्या जागेलगत असल्याने ती दुखावल्याची उदाहरणं आहेत. हा उपाय नेहमीचा म्हणून करू नये असं मला वाटतं. दुखणं कमी करायला आलेला माणूस लोंबता अंगठा घेऊन परत जाऊ नये.

हे पुस्तक वैद्यकीय आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी लिहिलं आहे, आणि सिस्टर, ब्रदर, वॉर्डातले मामा-मावशी यांच्यासाठीही. शेवटच्या मंडळींना मी मुद्दाम मोजतो. रात्री दोन वाजता कलंडलेला पाय सरळ करून त्याखाली घडी केलेली चादर त्यांनीच सरकवायची असते. चित्रं भरपूर दिली आहेत, पण वाचताना एक हात स्वतःच्या पायावर राहू द्या. आणि तुमच्या घरात किंवा वॉर्डात आज कोणाच्या पायाला प्लास्टर असेल, तर पुढचं पान उलटण्याआधी त्याला अंगठा वर उचलायला सांगा, बेचकीत बोट फिरवून कळतं का ते विचारा. अंगठा उचलत नसेल किंवा बेचकी बधिर असेल तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. डॉक्टरांना उठवा आणि प्लास्टर, आतल्या कापसासकट, त्याच रात्री कापून मोकळं करायला लावा.